खंडेनवमीला चालू राहिलेला डबा

९ सप्टेंबर, मंगळवार

डबा मेला. म्हणजे अर्धा मेला. काय म्हणावं तेच कळत नाहीये.

सकाळी सहज त्याच्या नोंदी बघायला गेले तर स्क्रीनवर एकच ओळ, इनपुट-आउटपुट एरर. दुसरी आज्ञा दिली, परत तीच ओळ. तिसरी मात्र चालली. हार्डडिस्क गेलीये. आणि तरी इंटरनेट चालू, लेबलं छापून येतायत, अकाउंटवाले मजेत बिलं काढतायत. कोणाला पत्ताच नाही.

आमचा राऊटर विकतचा नाही. विकतची पेटी विजेच्या झटक्यात जळली तेव्हा साहेब म्हणाले होते, आहे त्यात भागवा. मग मी अकाउंटवाल्यांनी टाकून दिलेला कॉम्प्युटर घेतला, त्यात आणखी एक नेटवर्क कार्ड बसवलं, लिनक्स टाकलं आणि त्यालाच राऊटर केलं. डिस्पॅचच्या टेबलाखाली असतो. एका बाजूनं बाहेरची केबल, दुसऱ्या बाजूनं आतली, सगळी कंपनी त्याच्या पोटातून जाते. सगळे त्याला डबाच म्हणतात, मीही. सुरू होताना त्यानं लागेल ते रॅममध्ये घेऊन ठेवलंय, त्याच्यावर चाललाय बिचारा. वीज आहे तोवर सगळं त्याच्या लक्षात आहे. एकदा बंद झाला की परत उठायचा नाही.

आणि चावी नेमकी त्याच्याकडे.

१० सप्टेंबर

झोप नाही.

चावीचं लिहून ठेवते, म्हणजे डोकं जरा शांत होईल. आमचे पार्ट ज्या मोठ्या कंपनीत जातात, त्यांच्या कॉम्प्युटरवरून लेबल आल्याशिवाय आमचा ट्रक त्यांच्या गेटमधून आत जात नाही. ते लेबल उघड्या इंटरनेटवरून येत नाही. डब्यापासून त्यांच्यापर्यंत एक बंद वाट आहे, तिला चावी लागते. जूनमध्ये त्यांच्या व्हेंडर सेलच्या, म्हणजे आम्हा माल पुरवणाऱ्यांचं बघणाऱ्या विभागाच्या माणसानं तिकडूनच नवीन चावी टाकली. प्रत ठेवायची नाही हा त्यांचा नियम, म्हणून ठेवली नाही. माझ्याकडे डब्याचा सगळा बॅकअप आहे, चावी सोडून. ती आता फक्त डब्याच्या रॅममध्ये आहे, आणि तिथून बाहेर काढून दाखवणारा प्रोग्राम मेलेल्या डिस्कवर. छानच.

साहेबांना सांगितलं. मालक आहेत, पण सगळे साहेबच म्हणतो. मान वर न करता विचारलं, चालू आहे ना? म्हटलं, आहे. मग हात कशाला लावायचा, म्हणाले. नवीन मशीन घेऊ, पण दसऱ्याच्या मुहूर्तावर. आमच्याकडे पानासुद्धा दसऱ्यालाच विकत येतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काय असतं ते तेव्हा डोक्यात आलं नाही. आत्ता लिहिताना आलं.

खंडेनवमी. सगळ्या मशीन बंद.

१२ सप्टें., शुक्र.

व्हेंडर सेलला मेल केली, नवीन चावी द्या म्हणून. उत्तर आलं, विनंती मिळाली आहे, मंजुरीनंतर कळवू. मंजुरी कधी? त्यावर काही नाही. फोन केला तर गाणं वाजत राहिलं.

१५ सप्टें.

दुपारी लाइट एकदाच डोळा मिचकावल्यासारखी गेली-आली. मशीन शॉपमध्ये कोणाचं लक्षही गेलं नाही. माझा यूपीएस मात्र किंचाळला. टेबलाखाली शिरून डब्याच्या अंगावर हात ठेवून बसले. गरम. पंखा फिरतोय. म्हटलं बाबा, थांब अजून.

नानांनी तसं बसलेलं बघितलं. नाना डिस्पॅच बघतात, चाकणचेच, त्यांच्या वडिलांची जमीन होती त्या जागेवर आता कुठली तरी कंपनी उभी आहे. मला लेकीसारखं मानतात. त्यांना सगळं सांगून टाकलं. साहेबांना सांगताना शब्द सापडत नव्हते, नानांना मात्र भडाभडा. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंजी त्याला बंद करायचा न्हाई, येवढंच ना?"

एवढंच, नाना. एवढंच.

यूपीएसची बॅटरीही म्हातारी. चहा पिऊन होईस्तोवर टिकली तर नशीब.

१८ सप्टें., गुरुवार, सुट्टी

घरी. संत तुकाराम नगरला सकाळी नळाला पाणी, भांडी, कपडे, आणि मधूनमधून फोनवरून डब्याला हाक मारते. हाक मारली की तो ओ देतो, तेवढी सोय मी करून ठेवलीये. ओ दिली की बरं वाटतं, आणि लगेच वाटतं पुढच्या वेळी दिली नाही तर?

आई म्हणाली, घरी आलीस की तिथंच राहिलीस? तिला सांगितलं नाही. सांगितलं तर किरणचंही सांगावं लागेल.

किरण माझ्या शेजारच्या टेबलावर होता. एका दुपारी लेबलाचा घोळ झाला, ट्रक गेटवर अडला, तिकडची असेंब्ली लाइन थांबली. लाइन थांबली हे दोन शब्द आमच्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही. चूक प्रिंटरची होती हे नंतर कळलं. तोवर किरणनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं होतं. त्याचा डबा, म्हणजे जेवणाचा, तसाच राहिला कपाटावर. मीच तो घासून ठेवला. न्यायला कोणी आलं नाही.

माझं काँट्रॅक्टचं पत्र दिवाळीला बदलतं. बाबा गेल्यापासून घर माझ्यावर. हे सगळं त्या पंख्याच्या फिरण्यावर टांगलंय, या विचारानं जेवण जात नाही.

२२ सप्टें., घटस्थापना

साहेबांनी शेडमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं. खंडेनवमीला सकाळी साफसफाई, मग मेन स्विच ते स्वतःच्या हातानं बंद करणार, पूजा, पेढे, घरी. दसऱ्याला सुट्टी. शुक्रवारी पहाटे स्विच परत चालू. एक मशीन चालू राहता कामा नये, हे दोनदा म्हणाले.

हे नुसतं देवभोळेपणाचं म्हणून सोडून देता येत नाही. कारण संतोष.

संतोष बीडचा, पॉवर प्रेसवर. मी लागायच्या आधी एका खंडेनवमीला तातडीची ऑर्डर होती म्हणून एक प्रेस चालू ठेवली होती. तिच्यावर संतोष होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून पूजेच्या दिवशी कुठून नुसती घरघर ऐकू आली तरी प्रेसवाल्यांचे चेहरे बदलतात. त्यांना हसायची माझी हिंमत नाही. बोटं त्यांची जातात, माझी नाही.

२४ सप्टें.

आज तोंड उघडलं. चुकलंच.

साहेब शेडमध्ये हारांची ऑर्डर सांगत होते. तिथंच सगळ्यांसमोर म्हटलं, साहेब, राऊटर तेवढा चालू ठेवावा लागेल, वॉचमनच्या केबिनचं मीटर वेगळं आहे, इन्व्हर्टरही आहे, तिथून वायर ओढता येईल. साहेब काही बोलायच्या आत संतोषच म्हणाला, "सगळं म्हणजे सगळं बंद, मॅडम." शांतपणे. तो कधी आवाज चढवत नाही.

आणि मागून कोणीतरी, फार मोठ्यानं नाही, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणालं, त्यांना काय, त्यांची थोडीच पूजा आहे.

मागे वळले नाही. कोण ते कळलं असतं तर रोज तोंड बघावं लागलं असतं.

इतक्या वर्षांत कधी… दर खंडेनवमीला मी झेंडूच्या माळा ओवायला बसते. पेढे वाटते. आम्ही विहारात जातो, घरी आरती होत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कधी कोणी काही बोललं नाही. मला वाटायचं, बोलत नाही म्हणजे मनातही नाही. आता डबा चालू ठेवला तर मी मुद्दाम केलं म्हणणार. बंद केला तर लाइन. आईला हे सांगणार नाही. ती अशी बोलणी ऐकतच म्हातारी झाली, अजून कशाला.

साहेब म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही.

२६ सप्टें., शुक्र.

संतोषकडे गेले. प्रेसच्या दणक्यात बोलता येईना, म्हणून तो चहाला बाहेर येईपर्यंत दारात उभी राहिले. त्याला सरळ सांगितलं. डिस्क मेलीये, बंद झाला तर उठणार नाही, शुक्रवारी पहिल्या ट्रकला लेबल मिळणार नाही, माझी नोकरी जाईल. पूजेला माझा विरोध नाही. हे शेवटचं म्हणावं लागलं, त्याचा फार राग आला मला.

त्यानं चहा संपवला. म्हणाला, त्या वर्षी समद्या मशीन बंद होत्या, मपली एकटीच चालू. आवाजच तेवढा एक होता शेडमध्ये. मग विचारलं, "तुमच्या डब्यात कुणाला हात घालावा लागतो का?"

नाही म्हटलं. कोणीच हात लावत नाही त्याला.

बरं, म्हणाला आणि आत गेला. बरं म्हणजे काय, ते आता मीच लावत बसलेय.

३० सप्टें., मंगळ.

साहेब दसऱ्याला देतील तेव्हा देतील. मी अडगळीतला अजून एक जुना कॉम्प्युटर काढला, पुसला, लिनक्स टाकलं, बॅकअपमधून सगळं बसवलं. नवा डबा तयार, चावी तेवढी नाही. नुसताच वळवळतो, त्यांच्या दाराशी जातो आणि परत येतो.

व्हें. सेलची मेल: संबंधित अधिकारी दसऱ्यानंतर रुजू होतील.

नानांनी वायरीचं वेटोळं आणून टेबलाखाली सरकवलं. वर पोतं टाकलं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

क्रमानं लिहिते, नाहीतर घोळ होईल.

सकाळपासून धुणं-पुसणं. ऑइल, चिंध्या, झेंडूचे ढीग. माळा ओवायला बसले, सुई दोनदा बोटात गेली. नानांनी मधल्या गडबडीत इन्व्हर्टरवरून वायर ओढून डब्याच्या यूपीएसला जोडली. मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

मग साहेबांनी मेन स्विच खाली ओढला.

मशीन शॉप मी कधी शांत ऐकलंच नव्हतं. पंखे थांबले, कंप्रेसर सुस्कारा टाकून थांबला, आणि मग काहीच नाही. त्या शांततेत टेबलाखालून डब्याचा पंखा घरघरायला लागला. एरवी कान लावला तरी ऐकू येत नाही. आज सगळ्या शेडभर. प्रेसवाले एकेक करून वळले. एकानं कानाला हात लावला. वाटलं जमीन दुभंगावी, पण आमची कोबा केलेली आहे.

साहेबांनी विचारलं, हे काय चालू आहे?

नाना पुढे झाले, पण त्यांच्या आधी संतोष हालला. परातीतला सगळ्यात मोठा हार उचलला, येऊन टेबलाखाली वाकला आणि डब्याला घातला. हळद-कुंकू वाहिलं, त्याच हातानं. उठून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब. त्यात कुणाचा हात जात नाही."

साहेबांनी त्याच्या हाताकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. मग आरती सुरू झाली.

रडू येत होतं आणि त्याच वेळी जीव खालीवर. कारण हार तो, गोंड्याचा, मनगटाएवढा जाड, आणि नेमका पुढच्या जाळीवर. डबा हवा तिथूनच ओढतो. आणि घातलेला हार दसऱ्याशिवाय कोणी काढत नाही, पूजलेल्या मशीनला हात लावत नाही. मी काढायचा? त्यानं एवढं केल्यावर? तेही मी?

नाही काढला. कुलूप लागलं. बसमध्ये सगळा वेळ त्या जाळीवरची फुलंच दिसत होती.

२ ऑक्टोबर, दसरा

आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईनं ठेवणीतली पांढरी साडी नेसली. सकाळी हाक मारली, ओ दिली. विहारात निघताना मारली, दिली. वंदना चालू असताना फोन खाली धरून परत मारली.

ओ नाही.

परत. नाही. परत.

आईनं डोळे न उघडता माझा दंड धरला. बाहेर आल्यावर तिला सगळं सांगितलं, किरणसकट, त्या मागून बोललेल्या माणसासकट. ती एवढंच म्हणाली, "स्कूटी काढ."

नाशिक फाटा, भोसरी, मोशी. रस्त्यावर जो तो ट्रक हार घालून उभा, सिग्नलला नारळाची शकलं. मागे पांढऱ्या साडीत आई, पदर घट्ट धरून. मी मनात चावीचा, हाराचा, साहेबांच्या तोंडाचा हिशेब करत होते. उद्या पहिला ट्रक. उद्या पहिला ट्रक.

वॉचमननं कुलूप काढलं. आत अंधार, फुलांचा वास. आणि घरघर.

चालू होता. मी खाली बसले ती बसलेच.

हार जाळीवर नव्हता. टेबलाच्या पायाला नीट गुंडाळून बांधलेला, फुलं बाहेर, गाठ आत. जाळी मोकळी. वॉचमन म्हणाला, सकाळी संतोष येऊन गेला. जेवणाचा डबा विसरला म्हणत होता. जाताना हातात काही नव्हतं.

ओ का नाही आली? बाहेरची इंटरनेटची लाइनच गेली होती, सगळ्या एमआयडीसीची. आम्ही तिथं असतानाच परत आली. आईनं डब्याकडे वाकून बघितलं. याच्यासाठी झुरतेस होय, म्हणाली, आणि पदरानं त्याच्या डोक्यावरची धूळ पुसली. मी ओरडलेच, आई, बटण आहे तिथं.

३ ऑक्टो., शुक्र.

पहिला ट्रक गेला. लेबल आलं.

संतोषला विचारलं, तुला कसं कळलं हाराचं? म्हणाला, "आरतीला तुम्ही देवाकडं बघतच नव्हत्या, मॅडम. हाराकडं बघत होत्या." मग, आतून गरम वाफ यायलीय तर श्वास कोंडतच असंल की, म्हणाला.

मागून बोललं होतं ते कोण, अजून माहीत नाही. ज्याला त्याला बघून वाटतं, हाच असेल. हे काही जात नाहीये मनातून.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चावी आली. आत्ता, जेवणाच्या सुट्टीआधी. खाली सूचना: लिंक दाबताच नवी चावी सुरू होईल व जुनी रद्द होईल. म्हणजे एकदा दाबलं की जुन्याचं त्यांच्याकडचं दार बंद, आणि नव्याला दार उघडलं नाही तर कोणाचंच नाही.

साहेब म्हणाले, आजच करून टाका, दसरा झाला. दुपारचा ट्रक भरतोय. मी म्हटलं, ट्रक गेल्यावर करू. तर म्हणाले, ट्रक कधी नसतो इथं? तेही खरंच.

नवी चावी टाकून नवा डबा जुन्याशेजारी मांडला. केबल तयार. नाना दारात, ड्रायव्हरला थोपवून धरतायत. मी माउसवर हात ठेवून बसलेय आणि बोट हलत नाही. दोनदा उठून पाणी पिऊन आले.

संतोष आला. प्रेस बंद करून आला होता, हातमोजे काखेत. कुठं उभं राहू विचारलं. म्हटलं, कशाला, तुझी शिफ्ट आहे. तो टेबलाच्या कोपऱ्याशी उभा राहिला.

"तुम्ही दाबा, मॅडम. मी हाय इथं. त्या दिवशी मपल्याजवळ कुणी नव्हतं."

दाबलं. केबल जुन्याच्या काढून नव्याला लावल्या.

लेबल येईस्तोवर लिहीत बसलेय. जुन्याचा पंखा अजून फिरतोय, त्याला काही माहीत नाही. नव्याचा हिरवा दिवा लुकलुकतोय, तो काल चावी नसतानाही लुकलुकत होता. लेबल मागवलंय. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. नाना आत आले. संतोष हललेला नाही. तिघंही प्रिंटरकडे बघतोय.

आत्ता काहीतरी वाजलं त्याच्यात. कागद ओढला असेल. कधीकधी तो नुसताच ओढतो. उठून बघते.